गुन्ह्यात सापडलेली मुले आणि शिडाचे जहाज

१८१५ साली मुंबईच्या गोदीतून ‘वेलस्ली’ नावाची ७४ तोफांची सागवानी युद्धनौका पाण्यात उतरली. तेव्हा या गोदीतील जहाजबांधणीची सूत्रे वाडिया घराण्याकडे होती. ब्रिटिश आरमारात काही दशके चाकरी केल्यानंतर १८६८ मध्ये या नौकेचे नाव बदलून ‘कॉर्नवॉल’ करण्यात आले, आणि टेम्स नदीत नांगरलेल्या या जहाजावर न्यायालयाने दोषी ठरवलेली मुले सुधारण्यासाठी पाठवली जाऊ लागली. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या हल्ल्यात ते बुडाले. ही हकिकत येथे सांगण्याचे कारण एवढेच, की चुकलेल्या मुलांना जहाजावर चढवण्याची कल्पना बरीच जुनी आहे, आणि तिच्या जुन्या रूपाची आजच्या रूपाशी गल्लत झाली तर मुंबईत असे काही करता येईल का, ही पुढची सगळी चर्चा भरकटते.

एकोणिसाव्या शतकातील ती सुधारगृह-जहाजे म्हणजे पाण्यावरचे तुरुंगच होते. जहाज नदीत कायमचे नांगरलेले असे. ते कुठेही जात नसे. त्यावरील मुलांचा दिवस कवायत, घासपूस आणि प्रार्थना यांत जाई, आणि चूक झाली की फटके मिळत. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीतील ‘क्लॅरेन्स’ हे असे जहाज १८८४ मध्ये त्यावरच्या मुलांनीच पेटवून दिले, आणि १८८७ मध्ये त्याच नदीतील ‘अकबर’ या जहाजावर मुलांनी बंड केले. शिस्त कडक केली की मुले वठणीवर येतात, हा समज आपल्याकडेही घट्ट रुजलेला आहे. ज्यांचा तो समज आहे त्यांनी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

आज ज्याला ‘सेल ट्रेनिंग’ म्हणतात त्याचे मूळ तुरुंगात नाही. हिटलरच्या राजवटीतून ब्रिटनमध्ये आलेले जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही येथे एक शाळा सुरू केली. महायुद्धात बुडवलेल्या जहाजांवरील तरुण खलाशी जीवरक्षक होडीत लवकर खचतात आणि वयस्क खलाशी मात्र तग धरतात, असे होल्ट यांचे निरीक्षण होते. त्यामुळे तरुणांना सुमारे महिनाभर समुद्र आणि डोंगर यांच्या सान्निध्यात कष्टाची सवय लावणे हा त्या शाळेचा उद्देश ठरला. ‘आउटवर्ड बाउंड’ या नावाने ती चळवळ पुढे जगभर पसरली. १९५६ मध्ये टॉर्की ते लिस्बन अशी मोठ्या शिडांच्या जहाजांची पहिली शर्यत झाली आणि पुढे त्या शर्यतींचा असा नियम पक्का झाला, की प्रत्येक जहाजावरील निम्मे तरी लोक १५ ते २५ या वयोगटातील असावेत. या नियमात सेल ट्रेनिंगची सगळी व्याख्या सामावलेली आहे. तरुण जहाजावर प्रवासी म्हणून जात नाही, खलाशी म्हणून जातो, आणि त्याच्या हातांवाचून जहाज हलत नाही.

यातून गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी वेगळी वाट काढणाऱ्यांमध्ये फ्रान्समधील मिशेल जाउएन यांचे नाव घ्यावे लागते. हे जेझुइट पाद्री पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात धर्मगुरू होते आणि तेथून सुटणाऱ्या तरुणांना पुढे जायला जागाच नाही, हे ते रोज पाहत होते. १९५० च्या दशकात त्यांनी अशा तरुणांसाठी संस्था काढली. १९६८ मध्ये ‘बेल एस्पुआर’ हे तीन डोलकाठ्यांचे जुने डॅनिश जहाज घेतले आणि १९७० च्या दशकापासून व्यसनात अडकलेल्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या तरुणांना ते अटलांटिक महासागरापार नेऊ लागले. त्यांच्या पद्धतीतील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते: जहाजावर केवळ ‘बिघडलेली’ मुले कधीच नसत. विद्यार्थी, कारागीर, पगार घेऊन रजेवर आलेली माणसे असे सगळे एकत्र असत, आणि कोण कुठून आले आहे याची चौकशी होत नसे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९६९ साली एका न्यायाधीशाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कार्यक्रमाने निराळा मार्ग धरला. तेथे न्यायालयाने पाठवलेली मुले समुद्र-संशोधनाच्या बोटींवर काम करत, पाण्याखाली बुडी मारण्याचे तंत्र आणि बोट हाकणे शिकत, आणि सोबत शाळेचा अभ्यासही पूर्ण करत. पुढे त्या एका केंद्रातून अनेक राज्यांत केंद्रे उभी राहिली.

आता प्रत्यक्ष जहाजावर काय घडते ते पाहू, कारण समजून घेण्यासारखे सर्वाधिक तेथेच आहे.

समुद्रावर निघालेले शिडाचे जहाज रात्री थांबत नाही, म्हणून त्यावरील सर्वांचे तीन गट पाडले जातात आणि चार तास काम, आठ तास विश्रांती अशी पाळी लागते. मध्यरात्री १२ ते पहाटे ४ ही पाळी कोणालाच आवडत नाही, पण पाळ्या बदलत गेल्या की ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. पाळीवर असलेल्यांपैकी एक जण सुकाणू धरतो आणि समोरच्या होकायंत्रावर ठरवून दिलेली दिशा राखतो. एक जण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभा राहून इतर जहाजांचे दिवे शोधतो. उरलेले दोरांवर असतात. दर तासाला जहाजाचे स्थान, वाऱ्याची दिशा आणि वायुदाब वहीत लिहिला जातो. वारा फिरला की शीड फिरवावे लागते, वाढला की शीड कमी करावे लागते, आणि हे काम एकट्याने होत नाही, कारण मोठ्या शिडाच्या दोराला एकाच वेळी पाच-सहा जणांनी जोर लावल्याशिवाय ते तसूभरही सरकत नाही. याशिवाय स्वयंपाक, भांडी, संडास साफ करणे आणि फळ्या घासणे ही कामे आळीपाळीने सर्वांना करावी लागतात, कप्तानाच्या मदतनिसांनाही. पहिले दोन दिवस बहुतेकांना समुद्र लागतो. त्या दोन दिवसांत ओकाऱ्या काढणाऱ्या मुलाच्या हाती बादली देणारा आणि नंतर त्याची पाळी सांभाळणारा मुलगा कदाचित तोच असतो, ज्याच्याशी किनाऱ्यावर त्याची हाणामारी झाली असती.

मोबाइल एक तर जमा केलेला असतो, नाही तर त्याला रेंज नसते. दार आपटून निघून जाण्याची सोय नसते. ही गोष्ट वाचायला किरकोळ वाटते. परंतु ज्या मुलाने आजवर प्रत्येक भांडणातून, प्रत्येक शाळेतून आणि प्रत्येक घरातून पळ काढून प्रश्न ‘सोडवला’ आहे, त्याला पंचवीस मीटर लांबीच्या जागेत त्याच माणसांसोबत सकाळी पुन्हा चहा प्यावा लागतो, आणि भांडण मिटवायचे कसे हे बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच शिकावे लागते.

दुसरी गोष्ट परिणामांची. अशा मुलांच्या आयुष्यात कृती आणि परिणाम यांच्यातील अंतर फार मोठे असते. चोरी आज होते, पकडले जाणे महिन्याने घडते, सुनावणी त्यानंतर कधी तरी होते, आणि मधल्या काळात शिक्षा ही कोणा तरी माणसाची मर्जी आहे असेच त्याला वाटत राहते. समुद्रावर दोर नीट बांधला नाही तर पाच मिनिटांत शीड फडफडू लागते आणि सगळ्यांची झोप मोडते. तेथे वाऱ्यावर राग काढता येत नाही, वाऱ्याने आपल्यावर अन्याय केला असेही म्हणता येत नाही. चूक दिसते, ती लगेच दुरुस्त करता येते, आणि दुरुस्त केल्यावर तिचा विषय संपतो.

तिसरी गोष्ट प्रौढ माणसांची. चौकशी चालू असलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात कर्मचारी पाळी संपली की घरी जातो. जहाजावर कप्तान, प्रशिक्षक आणि समुपदेशक हे त्याच डाळभातावर, त्याच ओल्या कपड्यांत, त्याच अरुंद बिछान्यावर दिवस काढतात. वैतागलेला, दमलेला, तरीही हात न उगारणारा प्रौढ माणूस जवळून पाहणे हा कित्येक मुलांसाठी संपूर्ण सफरीतील सर्वांत अपरिचित अनुभव असतो. म्हणूनच या क्षेत्रात जहाज कोणते यापेक्षा त्यावरील माणसे कोण याला अधिक महत्त्व दिले जाते, आणि ते योग्यच आहे. उत्तम खलाशी असलेला पण मुलांवर खेकसणारा प्रशिक्षक सगळ्यावर पाणी फिरवू शकतो.

येथवरचे वर्णन वाचून कोणालाही वाटेल, की मग मुलांना समुद्रावर नेले की काम झाले. येथे आकड्यांकडे पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६० च्या दशकात फ्रान्सिस केली आणि डॅनियल बेअर या संशोधकांनी गुन्ह्यांत सापडलेल्या १२० किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६० जणांना आउटवर्ड बाउंडच्या शिबिरांना पाठवले गेले आणि तशाच पार्श्वभूमीच्या दुसऱ्या ६० जणांना नेहमीच्या पद्धतीने हाताळले गेले. शिबिरांच्या ठिकाणांपैकी मेन राज्यातील हरिकेन आयलंड हे समुद्रावरचे होते. वर्षभरानंतर पहिल्या गटातील २० टक्के, तर दुसऱ्या गटातील ४२ टक्के मुले पुन्हा गुन्ह्यात सापडली होती. हा फरक मोठा आहे आणि तो आजही उत्साहाने सांगितला जातो. मात्र त्याच मुलांचा पाच वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला तेव्हा दोन्ही गटांतील अंतर कमी झाले होते, आणि हा भाग उत्साहाच्या भरात बहुधा गाळला जातो. शिवाय सगळ्या ठिकाणच्या शिबिरांचा परिणाम सारखा नव्हता. म्हणजे नाव एकच असले तरी कार्यक्रम एकसारखे असतातच असे नाही.

पुढे २००० साली विल्सन आणि लिप्सी या संशोधकांनी डोंगर, जंगल व पाणी अशा ठिकाणी घेतल्या गेलेल्या कार्यक्रमांवरील २८ अभ्यास एकत्र तपासले. कार्यक्रमात सहभागी झालेल्यांपैकी सरासरी २९ टक्के मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळली, तर सहभागी न झालेल्यांपैकी ३७ टक्के. याचा साध्या भाषेतील अर्थ असा, की शंभर मुलांमागे आठ मुले वाचली, आणि २९ मुले कार्यक्रमानंतरही पुन्हा पकडली गेली. आठ ही संख्या क्षुल्लक नाही. पण तिला चमत्कार म्हणता येणार नाही. याच तपासणीत आणखी दोन गोष्टी आढळल्या. शारीरिक कस लागणारे आणि सोबत समुपदेशनाची जोड असणारे कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले. आणि कार्यक्रम लांबवला म्हणून फायदा वाढला नाही, उलट दहा आठवड्यांहून लांब कार्यक्रमांचा परिणाम कमी दिसला. महिनोन्‌महिने समुद्रावर ठेवण्याच्या कल्पनेत रम्यता अधिक आणि लाभ कमी, असे यावरून म्हणता येते. एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये केलेला अभ्यास खास शिडाच्या जहाजांवरील तरुणांचा होता आणि त्यात त्यांचा सामाजिक आत्मविश्वास व सांघिक काम करण्याची क्षमता वाढल्याचे दिसले. परंतु आत्मविश्वास वाढणे आणि गुन्हा न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्मविश्वास चोरालाही लागतो.

याच्या जोडीला एक तुलना करणे उपयोगी ठरेल. मुलांना तुरुंगात फिरवून कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम अमेरिकेत एके काळी फार गाजले होते. त्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अशा मुलांनी नंतर इतरांपेक्षा अधिक गुन्हे केल्याचे दिसून आले. लष्करी थाटाच्या ‘बूट कॅम्प’ शिबिरांचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे तेच वय, तेच कष्ट, तीच पहाटेची शिट्टी. पण जेथे कष्टाला काही अर्थ आहे तेथे थोडा लाभ होतो, आणि जेथे कष्ट केवळ धाकासाठी आहेत तेथे तो होत नाही. चार वाजता उठून मैदानाला फेऱ्या मारणे आणि चार वाजता उठून झोपलेल्या सोबत्यांच्या जिवाची जबाबदारी घेत सुकाणू धरणे, यांतील फरक सोळा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो.

मग लाभ पुढे का आटतो? उत्तर जहाजावर नाही, किनाऱ्यावर आहे. मुलगा तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच बेकारीत परततो, आणि तेथे त्याच्या नव्या कौशल्याला गिऱ्हाईक नसते. म्हणून जाणते कार्यक्रम सफरीकडे मधला टप्पा म्हणून पाहतात. आधी काही आठवडे पोहणे, गाठी, प्रथमोपचार आणि ओळख, मग सफर, आणि त्यानंतर किमान वर्षभर एका ठरावीक माणसाने त्या मुलाच्या संपर्कात राहून शाळा, काम, घर आणि व्यसन या चार आघाड्यांवर पाठपुरावा करणे. यातील सर्वांत कंटाळवाणा, छायाचित्रात न येणारा आणि म्हणून देणगी न मिळणारा भाग शेवटचा आहे, आणि माझ्या मते परिणामातील मोठा वाटा त्याचाच आहे.

धोक्यांबद्दल थोडक्यात. समुद्र क्षमा करत नाही. १९८४ मध्ये शर्यतीत उतरलेले ‘मार्केस’ हे जहाज बर्म्युडाजवळ एका वावटळीत बुडाले आणि १९ जण मृत्युमुखी पडले; त्यानंतर ब्रिटनमध्ये शिडाच्या जहाजांच्या स्थैर्याचे नियम कडक झाले. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती, व्यसन सुटतानाचे शारीरिक त्रास, आग लावण्याचा किंवा लैंगिक हिंसेचा इतिहास या बाबी आधी तपासून काही मुलांना स्पष्टपणे नाही म्हणावे लागते. आणि मुलाची स्वतःची संमती हवी. जबरदस्तीने जहाजावर चढवलेला मुलगा म्हणजे पुन्हा ‘क्लॅरेन्स’.

आता आपल्याकडचा कायदा पाहू. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला त्यात विधिसंघर्षग्रस्त बालक म्हटले आहे. त्याची चौकशी बाल न्याय मंडळासमोर होते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असते. चौकशी चालू असताना मुलाला जामीन मिळाला नाही तर तो निरीक्षणगृहात राहतो. दोष सिद्ध झाल्यावर मंडळ काय करू शकते, हे कलम १८ मध्ये दिले आहे: समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवेचा आदेश, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षा (म्हणजे देखरेखीखाली मोकळे सोडणे), किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेषगृह, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांसाठीची निवासी संस्था. यासोबत शाळेत किंवा व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जाण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे.

शिडाच्या होडीचा उल्लेख या कायद्यात कुठेही नाही आणि त्याची गरजही नाही. परिवीक्षेवर सोडलेल्या मुलाला व्यवसाय प्रशिक्षणाचा भाग म्हणून नौकानयन शिकायला पाठवणे हे कलम १८ च्या चौकटीत बसते, असे मला वाटते. निरीक्षणगृहातील मुले मात्र या कामासाठी योग्य नव्हेत, कारण त्यांची चौकशी पूर्ण झालेली नसते आणि त्यांचा मुक्काम किती दिवसांचा हे आधी सांगता येत नाही. परिवीक्षेवरील आणि विशेषगृहातून सुटायला आलेली मुले हा खरा गट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे असे दिसते, की पकडल्या गेलेल्या अल्पवयीनांपैकी बहुसंख्य १६ ते १८ वयाचे असतात आणि बहुसंख्य आपल्या आईवडिलांसोबत राहणारे असतात. अनाथ, रस्त्यावरचा बालगुन्हेगार हे आपल्या मनातील चित्र त्यामुळे बरेचसे चुकीचे ठरते. मुलगा सफरीवरून परतणार आहे तो आईवडिलांकडेच, म्हणून त्यांनाही आधीपासून यात ओढावे लागेल.

मुंबईत या मुलांसाठीच्या संस्थांची परंपरा दीर्घ आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या सुधारशाळेची सुरुवात १८५७ मधली. चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ मधली. डोंगरी-उमरखाडीचे निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांनी १०१ दिवसांचा कारावास भोगला तो याच डोंगरीच्या तुरुंगात. भाऊचा धक्का तेथून फार लांब नाही. दुसरीकडे, याच बंदरात १९२७ पासून ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज नांगरलेले होते आणि व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. जहाजावर मुले घडतात हे या शहराला ठाऊकच आहे. फक्त कोणाची मुले, याचे उत्तर आजवर ठरलेले होते.

शिडाचे जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नौदलाची ‘तरंगिणी’ येते. १९९७ पासून सेवेत असलेली, गोव्यात बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची नौका कॅडेटांना शिकवते, आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा मुंबईतूनच सुरू होऊन मुंबईतच संपली. परंतु मुंबईने या कामासाठी तसे मोठे जहाज मागू नये. ते महाग असते, त्याची देखभाल त्याहून महाग असते, आणि जहाज पोसण्याच्या नादात पाठपुराव्याचा माणूस कमी केला जातो. पाच-सहा जणांची, केबिन असलेली साधी शिडाची बोट पुरेशी आहे. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचे वेळापत्रक बरेचसे भरवशाचे असते: पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा. शिकाऊ माणसाला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणे कठीण. बंदरातून मांडवा, खांदेरी, मुरूड असे टप्पे घेत आठ-दहा दिवसांची सफर सहज आखता येते. मात्र मुंबई बंदर आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांच्यामधला जहाजांचा मार्ग अतिशय गजबजलेला आहे, त्यामुळे पहिले धडे मार्वे-मनोरीसारख्या खाडीत देणे शहाणपणाचे ठरेल.

येथे कोळीवाड्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर्सोवा, माहीम, वरळी, कफ परेड येथील तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, भरती-ओहोटी, वाऱ्याची चाहूल आणि तळाचे खडक यांचे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही नौकाविहार क्लबाच्या प्रमाणपत्रात नाही. शिडे जाऊन इंजिने आली असली तरी हे ज्ञान गेलेले नाही. शिवाय कोळी होडीवर कामाची वाटणी, तांडेलाचा शब्द आणि खलाशाचा वाटा या गोष्टी पक्क्या असतात. प्रशिक्षकांच्या चमूत अशी एक-दोन माणसे मानधन देऊन घेतली तर मुलाला समुद्र हा श्रीमंतांचा छंद न वाटता पोट भरण्याची जागा वाटेल. पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा सुतारकाम, फायबरचे काम, इंजिनाची दुरुस्ती आणि रंगकाम शिकवता येते. प्रत्यक्ष रोजगार मिळण्याची शक्यता सुकाणूपेक्षा याच कामांत अधिक आहे.

नोकरीचा प्रश्न निघाला की पालक पहिली शंका काढतात ती पोलिसांतील नोंदीची. कायद्याच्या कलम २४ नुसार बाल न्याय प्रक्रियेतून गेलेल्या मुलाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवले असेल, त्याला मात्र हे संरक्षण नाही. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी या मुलांच्या खांद्यावर हात ठेवून, मागे शीड येईल असे छायाचित्र काढून घेणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरू शकतो. आयोजकांनी ही गोष्ट निमंत्रणपत्रिका छापण्याआधी पाहुण्यांना कळवावी. मिश्र गट ठेवण्याचा जाउएन यांचा मार्ग याही दृष्टीने सोयीचा आहे: होडीवर एनसीसीच्या नौदल विभागातील मुले, कोळीवाड्यातील मुले आणि मंडळाने पाठवलेली मुले एकत्र असली, तर कोण कुठला हे बाहेरच्याला कळतच नाही.

शेवटचा मुद्दा मोजदादीचा. असा उपक्रम सुरू झाला तर पहिल्याच वर्षी यशोगाथांची पुस्तिका निघेल आणि तीत चार मुलांचे मनोगत असेल. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण त्या चौघांचे समुद्राविनाही बरे झाले असते का, हे कळण्याचा मार्ग नाही. मंडळाकडे इच्छुक मुलांची संख्या जागांपेक्षा जास्त असेल तर चिठ्ठ्या टाकून निवड करावी, ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांनाही नेहमीच्या सर्व सेवा द्याव्यात, आणि दोन्ही गटांतील किती मुले दोन वर्षांनंतर शाळेत किंवा कामावर आहेत व किती पुन्हा मंडळासमोर आली, याची नोंद ठेवावी. ही नोंद परिवीक्षा अधिकाऱ्याला ठेवावी लागेल, आणि त्याच्या हाताखाली आधीच इतकी प्रकरणे असतात, की बोटीच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम शिडासाठी न धरता त्याच्या एका सहायकाच्या पगारासाठी धरावी.